डोंगरावरील सप्ताह

मुलाला धर्म द्यावा कीं देऊं नये, हा प्रश्न आमच्या पिढीनें फार पूर्वींच सोडविला अशी आमची समजूत होती. सोडविला म्हणजे काय केलें, तर तो विचारणें बंद केलें. वडिलांच्या पश्चात् देवघरांतील टाक व शाळिग्राम एका पेटींत गेले, पेटी माळ्यावर गेली, आणि तिन्हीसांजेस मुलांकडून परवचा म्हणवून घेण्याचा जो परिपाठ आमच्या घरीं तीन पिढ्या चालला होता, तो कोणीं मोडला असें न होतां आपोआप थांबला. मुलगी मोठी होईल, तिची तीच विचार करील, तिला पटेल तें ती घेईल, आपण मध्यें पडूं नये, असें आम्ही म्हणत असूं. आणि असें म्हणतांना मनांतल्या मनांत स्वतःची पाठही थोपटीत असूं. गेल्या उन्हाळ्यांत कोलोराडोच्या डोंगरांत एका ख्रिस्ती कुटुंब-शिबिरांत सात दिवस राहण्याचा योग आला नसता, तर ही समजूत आम्हीं बहुधा जन्मभर सांभाळली असती.

आमची कन्या व जामात डेन्व्हर शहरीं असतात. त्यांच्या शेजारीं एक अमेरिकन कुटुंब आहे. यजमान पाणीपुरवठ्याच्या खात्यांत इंजिनिअर, पत्नी शाळेंत शिक्षिका, आणि मुलें तीन. हें कुटुंब दर उन्हाळ्यांत आपल्या चर्चच्या मंडळींबरोबर एक आठवडा डोंगरांत जातें. त्यांचा धाकटा मुलगा व आमचा सात वर्षांचा नातू एका वर्गांत. तेव्हां नातवानें हट्ट धरला, शेजाऱ्यांनीं आग्रह केला, जामातांस रजा मिळेना, आणि शेवटीं कन्या, नातू, आमच्या सौभाग्यवती व आम्ही असे चौघे निघालों. आम्ही हिंदु कुळांतले, त्यांतून श्रद्धेच्या बाबतींत कोरडे, तेथें आमचें काय काम, अशी शंका काढतांच शेजारी म्हणाले, "शिबिर ख्रिस्ती आहे, हें तुमच्यापासून लपवावयाचें नाहीं. प्रार्थनेस आलांत तर आनंद आहे, न आलांत तर राग नाहीं. मात्र जेवणाची घंटा झाली कीं वेळेवर या." ह्या स्पष्टपणानेंच आम्ही निम्मे जिंकले गेलों.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे ५,२८० फूट उंच आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच जें कळसूबाईचें शिखर तें ५,४०० फूट. म्हणजे आपल्याकडे जेथें चढणें संपतें, जवळजवळ तेथून ह्या लोकांचें चढणें सुरू होतें. वायव्येस सुमारें ७० मैल गेल्यावर एस्टेस पार्क नांवाचें गांव लागतें, तें साडेसात हजार फुटांवर. शिबिराची जागा त्याहून थोडी वर. समोर लाँग्स पीक, १४,२५९ फूट. भर जुलैंतही त्याच्या कपारींत बर्फ शिल्लक असतो. ह्या पर्वतराजीचा मोठा भाग अमेरिकन सरकारनें १९१५ सालींच राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेविला. हवा इतकी विरळ कीं, पहिले दोन दिवस चढाच्या वाटेवर आम्हांस मध्येंच थांबून देखावा पाहण्याचें निमित्त करावें लागे. पण निमित्तास देखावाही तसाच होता. उन्हानें तापलेल्या पाइनच्या सालीस व्हॅनिलासारखा वास येतो. आस्पेनचीं पानें वारा नाहीं असें वाटत असतांही सळसळत राहतात. आणि पहांटे दार उघडावें तों पायरीशीं एल्क जातीचीं घोड्याएवढीं हरणें निःशंकपणें चरत असावींत. दुपार झाली कीं ढग जमून गडगडाट होई. म्हणून शिखरावर जाणाऱ्यांनीं बाराच्या आंत खालीं उतरावें असा तेथील दंडक आहे. झाडांची रेषा संपली कीं त्या उघड्या माथ्यावर विजेला उंच असें माणूसच सांपडतें.

अशा शिबिरांची परंपरा त्या देशांत दोनशें वर्षांहून जुनी आहे. १८०१ च्या ऑगस्टांत केंटकींतील केन रिज येथें जो मेळा भरला, त्यास १० ते २० हजार माणसें आलीं होतीं असे अंदाज आहेत. वसाहतवाल्यांचीं घरें एकमेकांपासून कोसकोस दूर. महिनोन् महिने शेजाऱ्याचें तोंड दिसावयाचें नाहीं. तेव्हां बायकामुलांसह गाड्या जुंपून यावें, रानांत मुक्काम करावा, आणि कांहीं दिवस प्रवचनें ऐकावीं, गावें, रडावें, पश्चात्ताप करावा, अशी ती रीत होती. १८३५ पासून मार्थाज व्हिनयार्ड बेटावर मेथॉडिस्ट मंडळी दरसाल तंबू ठोकूं लागली. पुढें तंबूंच्या जागीं नक्षीदार लांकडी घरकुलें आलीं. १८७४ सालीं शटॉक्वा सरोवराच्या कांठीं रविवारच्या शाळांतील शिक्षकांसाठीं जें शिबिर निघालें, त्यांत हळूहळू व्याख्यानें, संगीत, साहित्य ह्या सर्वांचा शिरकाव झाला. पश्चात्तापाच्या मेळ्यास सुटीचें रूप येत गेलें तें असें. रडण्याचा भाग कमी झाला, पोहण्याचा वाढला. मूळ कल्पना मात्र तीच राहिली, कीं वर्षांतून एकदां संसारांतून उठून दुसरीकडे जावें, आणि तें एकट्यानें नव्हे, तर मुलाबाळांसह.

आमच्या सौभाग्यवतींनीं ह्या इतिहासाची वाट न पाहतां पहिल्याच रात्रीं निकाल दिला: "अहो, हा तर आपला सप्ताह!" सकाळ-संध्याकाळ भजन, दुपारीं पंगत, मध्यें प्रवचन, बायका एकीकडे गप्पा मारताहेत, मुलें पायांत पायांत येताहेत, त्यांच्या माहेरच्या गांवीं विठोबाच्या देवळांत हेंच चाले. वीणा तेवढी दिसेना, आणि आमटीचा अभाव त्यांस सातही दिवस जाणवला. जेवणापूर्वीं सर्वांनीं एकमेकांचे हात धरून आभाराचें गीत म्हणावयाचें असे. जें आपण मानीत नाहीं त्यांत डोळे मिटून सामील होणें हा सभ्यपणा कीं खोटेपणा, ह्याचा आम्ही खल करीत बसलों असतां, आमच्या सौभाग्यवतींनीं दोहों बाजूंचे हात केव्हांच धरले होते. हा विषय त्यांनीं तेथेंच संपविला व आम्हीही येथेंच संपवितों.

सकाळीं न्याहारीनंतर मुलें वयाप्रमाणें वेगवेगळ्या तुकड्यांत जात, आणि वडील माणसें एका मोठ्या लांकडी दालनांत जमत. तेथें एक पाळक उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तावर रोज थोडें थोडें बोलत. बोलणें साधें, विनोदी, आणि आमच्या अनुभवाप्रमाणें बहुतेक प्राध्यापकांच्या व्याख्यानांपेक्षां आटोपशीर. दुपार मोकळी. घोडे, धनुष्यबाण, मासे धरणें, डोंगर चढणें, ज्यास जें रुचेल तें. रात्रीं शेकोटी व गाणीं. फोन दिवसभर एका पेटींत ठेवण्याची प्रथा होती, आणि बापाच्या हातांतील फोन काढून घेतला कीं मुलास बाप किती लवकर परत मिळतो हें आम्हीं तेथें डोळ्यांनीं पाहिलें. आमचे इंजिनिअर शेजारी, ज्यांचा धंदाच पाणी अडविण्याचा, ते एक सबंध दुपार गुडघाभर पाण्यांत उभे राहून आपल्या तीन व आमच्या एका मुलासह ओढ्यावर दगडांचें धरण बांधीत होते. धरण तीनदां वाहून गेलें. चौथ्यांदा टिकलें, तेव्हां ह्या पांच जणांनीं जी आरोळी ठोकली तिनें पलीकडच्या काठावरचीं हरणें मान वर करून पाहूं लागलीं.

आमची अस्वस्थता येथूनच सुरू झाली. शिबिरांत मुलांस नरकाची भीति घालतील, पाठांतरासाठीं दरडावतील, अशा अपेक्षेनें आम्ही निषेधाची सर्व सामग्री घेऊन गेलों होतों. ती तशीच बांधलेली राहिली. आढळला तो आनंद. आणि तिसऱ्या दिवशीं आमच्या लक्षांत आलें कीं, आक्षेप घ्यावयाचाच तर ह्या आनंदावर घेतला पाहिजे. धाकानें दिलेला धर्म टाकून देणें त्या मानानें सोपें. एडमंड गॉस ह्या इंग्रज लेखकानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'फादर अँड सन' ह्या पुस्तकांत आपल्या बाळपणाची हकीगत सांगितली आहे. बाप नामांकित प्राणिशास्त्रज्ञ, पण पंथानें अत्यंत कर्मठ. घरांत कल्पित गोष्टींचीं पुस्तकें वर्ज्य. दहाव्या वर्षीं मुलाचा सर्वांसमक्ष बाप्तिस्मा. मुलगा वयांत आला आणि त्या घरांतून मनानें बाहेर पडला. बापाच्या कडकपणानें त्याला निदान डोकें आपटावयास एक भिंत दिली होती. परंतु ज्या मुलास ख्रिस्ताचें नांव ओढ्याच्या थंडगार पाण्यासह मिळालें, बापाच्या खांद्यावरील स्वारीसह मिळालें, शेकोटीवर भाजलेल्या मार्शमेलोच्या चिकट गोडीसह मिळालें, त्यानें मोठेपणीं भांडावें कोणाशीं? युक्तिवादाचें खंडन युक्तिवादानें करतां येतें. सातव्या वर्षाच्या सुखाचें खंडन कशानें करावयाचें?

मुलाची बुद्धि पक्व होईपर्यंत त्यास धर्म सांगूंच नये, असें रूसोनें 'एमिल' ह्या ग्रंथांत १७६२ सालीं प्रतिपादिलें, आणि त्या ग्रंथाची पॅरिस व जिनीव्हा ह्या दोन्ही शहरांत होळी झाली. जॉन स्टुअर्ट मिलच्या बापानें आपल्या मुलास खरोखरच धर्मावांचून वाढविलें. आपण धर्मश्रद्धा टाकली असें नसून ती आपल्यापाशीं कधीं नव्हतीच, असें मिल आत्मचरित्रांत नमूद करतो. आगरकरांच्या काळापासून आपल्याकडील शिकलेल्या घरांत मिलचें वजन केवढें, हें सांगावयास नको. आम्ही स्वतः ३० वर्षें हें वर्गांत शिकवीत आलों. खरें सांगावयाचें तर त्यांतील एक प्रकरण आम्ही नेहमीं घाईनें उरकीत असूं. १८२६ सालीं, विसाव्या वर्षीं, मिलला जगण्यांत कांहीं गोडी वाटेनाशी झाली, आणि पुढें वर्डस्वर्थच्या कवितेनें त्याला बरेंचसें सांवरलें. ह्या उदासीचें कारण त्यानें धर्माच्या अभावांत शोधलें नाहीं, सतत पृथक्करण करण्याच्या संवयींत शोधलें. आम्हीही त्याच्या तोंडीं नसलेली गोष्ट घालणार नाहीं. एवढेंच, कीं डोंगर, पाणी व एकत्र आनंद ह्यांची किंमत त्याला फार उशिरां व कवितेच्या पुस्तकांतून कळली, आणि समोरच्या ओढ्यांत ती चार मुलांस फुकट मिळत होती.

एके सायंकाळीं आम्हीं शेजाऱ्यांस सरळ विचारलें, कीं ज्या गोष्टीचा निवाडा करण्याची शक्ति मुलांत नाहीं ती त्यांच्या गळ्यांत घालणें तुम्हांस योग्य वाटतें काय? ते म्हणाले, "माझी भाषा तरी मीं त्यांना विचारून कोठें दिली?" हें उत्तर आम्हांस अपेक्षित होतें, आणि त्यावरील उत्तरही तयार होतें. भाषा जगाविषयीं कसलाही दावा करीत नाहीं. मराठी बोलणाऱ्यास इंग्रजी शिकावयाची तर मराठी खोटी होती असें कबूल करावें लागत नाहीं. धर्माचें तसें नाहीं, निदान तुमच्या धर्माचें नाहीं. शेजारी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खरें आहे. मी जें मानतों तें सत्य आहे असेंच मी मानतों. पण मग माझ्या आयुष्यांतली सर्वांत मोठी गोष्ट मीं माझ्याच मुलांपासून अठरा वर्षें लपवून ठेवावी, ह्याला तुम्ही प्रामाणिकपणा म्हणाल काय?" ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अंधार पडत होता, आणि सुदैवानें जेवणाची घंटा झाली.

कायद्यानें ह्या बाबतींत फारसा उजेड पडत नाहीं. मुलांस आठव्या इयत्तेपुढें शाळेंत न पाठविणाऱ्या आमिश पंथाच्या आईबापांच्या बाजूनें अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें १९७२ सालीं निकाल दिला. एकट्या न्यायमूर्ति डग्लस यांनीं अंशतः वेगळें मत नोंदवून म्हटलें, कीं मुलांस काय वाटतें हेंही विचारा. बालहक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार १९८९ सालीं झाला, त्यांत मुलाचें विचारस्वातंत्र्य व त्यास वळण देण्याचा आईबापांचा अधिकार हीं दोन्ही एकाच कलमांत शेजारीं शेजारीं बसविलीं आहेत. हिंदुस्थान १९९२ सालीं ह्या करारांत सामील झाला. अमेरिकेनें त्यास अद्याप मान्यता दिलेली नाहीं.

चौथ्या रात्रीं निजण्यापूर्वीं दुधाचा पेला हातांत घेतल्यावर नातवानें डोळे मिटले, शिबिरांतलें आभाराचें गीत गुणगुणलें, दूध प्यायला, आणि ओठावरची साय पुसतां पुसतां विचारलें, "आजोबा, तुम्ही कुणाला थँक्यू म्हणतां?" आम्ही म्हणालों, "तूं मोठा झालास कीं सांगेन." त्याला तेवढें पुरलें, तो झोंपीं गेला.

दुसऱ्या दिवशीं दुपारच्या गडगडाटांत आम्ही व कन्या घरकुलाच्या ओसरीवर अडकून पडलों होतों. गारा पडत होत्या. ती म्हणाली, "बाबा, काल त्याला दिलंत तेंच उत्तर तुम्हीं मलाही दिलं होतं. मी आतां चौतीस वर्षांची आहे." आम्हीं हंसून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला. ती हंसली नाहीं. "तुम्ही काय मानत नाहीं, हें मला अगदी लहानपणापासून पाठ आहे. काय मानतां, तें कधींच कळलं नाहीं. भाद्रपदांत गणपति बसायचा, आरती व्हायची, मी मोठ्यानं टाळ वाजवायची. आणि पाहुणे आले कीं तुम्ही त्यांना सांगायचां, हें आपलं संस्कृति म्हणून, हौस म्हणून. मग मी जे डोळे मिटायची तें काय म्हणून?" थोड्या वेळानें ती म्हणाली, "तुम्हीं मला मोकळं सोडलंत, खरंच सोडलंत. पण मोकळं सोडणं आणि सोडून देणं यांतला फरक त्या वयांत कसा कळावा?"

आम्ही तिला असें म्हणूं शकलों असतों, कीं तुझ्यावर आम्हीं कांहींच लादलें नाहीं. पण तें खरें नव्हतें, हें त्या गारांच्या आवाजांत आम्हांसही ऐकूं येत होतें. लहान मुलापुढें मौन पाळणें म्हणजे कोरी पाटी ठेवणें नव्हे. ज्या घरांत पैशाविषयीं रोज बोललें जातें, परीक्षेविषयीं बोललें जातें, शेजाऱ्यांच्या नव्या गाडीविषयीं बोललें जातें, आणि मरण, कृतज्ञता, पाप ह्यांविषयीं चकार शब्द निघत नाहीं, त्या घरांतील मूल हेंच शिकतें, कीं ह्या गोष्टी बोलण्याच्या योग्यतेच्या नाहींत. हाही एक संप्रदायच झाला, आणि त्याची दीक्षा आम्हीं एका मुलीस तिला न विचारतां दिली.

त्या रात्रीं झोंप येईना तेव्हां पंडिता रमाबाईंची आठवण झाली; आणि ती अस्थानीं नव्हती, कारण अशा शिबिरांशीं त्यांचा साक्षात् संबंध आला होता. इंग्लंडांत केझिक येथें १८७५ पासून दर उन्हाळ्यांत तळ्याकांठीं डोंगरांच्या कुशींत जो ख्रिस्ती मेळा भरतो, त्यास त्या १८९८ सालीं गेल्या होत्या. पण आम्हांस आठवलें तें त्याच्या आधींचें. १८८३ सालीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां अडीच वर्षांच्या मनोरमेलाही तो दिला गेला. आणि पुढें त्याच मुलीच्या धर्मशिक्षणावरून तेथील ख्रिस्ती भगिनींशीं रमाबाईंचा खटका उडाला, कारण मुलीस काय शिकवावें हें चर्चनें परस्पर ठरवावें ही गोष्ट त्यांस मानवेना. मग शारदासदन. १८८९ सालीं मुंबईंत तें निघालें, पुढल्याच वर्षीं पुण्यास आलें. धर्माच्या बाबतींत तें तटस्थ राहील असा बोलीचा पाया होता. रमाबाई पहांटे आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे. मुली येऊन बसूं लागल्या. त्यांनीं मुलींस बोलाविलें नाहीं, आणि हांकलूनही दिलें नाहीं. १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागार मंडळींनीं संबंध तोडला. दार लावून घ्या, एवढेंच खरें म्हणजे ह्या मंडळींचें म्हणणें होतें. आणि परक्यांच्या विधवा मुलींची जबाबदारी शिरावर घेतलेल्या गृहस्थांचें तें म्हणणें अन्यायाचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु आईबापांपुरतें बोलावयाचें तर आमचा कौल आतां त्या उघड्या दाराकडे आहे. आम्हीं आमच्या घरांत दार लावूनच घेतलें असें नव्हे, तर आंत कांहीं चाललें आहे कीं नाहीं, हेंही मुलीस कळूं दिलें नाहीं.

हें एवढें अंथरुणावर पडल्या पडल्या ठरविणें सोपें होतें. शेवटच्या रात्रीं काय झालें तें आतां सांगितलें पाहिजे.

त्या दिवशीं सूर्य मावळतांना प्रत्येकास पाइनची एकेक वाळकी काटकी देण्यांत आली. शेकोटीभोंवतीं सर्वांनीं बसावें. ज्यास वाटेल त्यानें उठून दोन शब्द बोलावे व काटकी अग्नींत टाकावी. टाकणें म्हणजे आपलें आयुष्य ख्रिस्ताच्या स्वाधीन करणें, असा त्याचा अर्थ. आम्हांसही एक काटकी मिळाली, आणि सभेंत चुकून हार हातीं आलेल्या माणसाप्रमाणें आम्ही ती घेऊन बसलों. एक वृद्ध गृहस्थ उठले. भावाशीं अकरा वर्षें बोललों नाहीं, उद्यां फोन करणार आहें, एवढें बोलून त्यांनीं काटकी टाकली. शेजारणीनें आपल्या आईविषयीं कांहीं सांगितलें. मग मुलांची रांग लागली. कांहीं मुलांचे चेहरे खरोखर उजळलेले होते. कांहीं नुसते पुढल्याकडे पाहून उठलीं. एका आईनें आपल्या आठनऊ वर्षांच्या मुलीस पाठीवर हात ठेवून जवळजवळ ढकललेंच. हें आम्हांस आवडलें नाहीं, व आवडलें नाहीं हें नमूद करून ठेवतों.

शेजाऱ्यांचा थोरला मुलगा चौदा वर्षांचा. त्याच्या बांकावरचीं सर्व मुलें जाऊन आलीं. तो उठला नाहीं. गीताचें एकच कडवें पुन्हां पुन्हां म्हटलें जात होतें. कोणी राहिला असेल तर त्यास अवधि मिळावा हा त्यांतला हेतु उघड होता. मुलगा काटकी गुडघ्यांवर आडवी धरून ज्वाळेकडे पाहत बसला होता. बाप शेजारींच. बापानें एकदां त्याच्याकडे पाहिलें. बापाच्या हातांतही काटकी होती. दरसाल ते पहिल्या दहा जणांत उठतात, असें शेजारीण आदल्या दिवशीं आम्हांस म्हणाली होती. ते उठले नाहींत. मुलाच्या बांकावर मुलगा एकटा पडूं नये म्हणून असेल, ते तसेच बसून राहिले, आणि शेकोटी विझेपर्यंत दोघांच्याही काटक्या दोघांच्या हातांत होत्या.

नेमका ह्याच वेळीं आमचा नातू उठला. "आजोबा, मी पण टाकून येतों." त्याचा मित्र पलीकडून त्याला खुणावीत होता. आणि आमचा हात पुढें झाला. आम्हीं त्याचें मनगट धरलें तें आम्हांस वाटलें होतें त्याहून जोरानें धरलें गेलें. "नाहीं," आम्ही म्हणालों. "कां?" त्यानें विचारलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. कन्येनें आमच्याकडे पाहिलें आणि दृष्टि फिरविली. नातू रडला नाहीं. खालीं बसून काटकीची साल नखानें सोलीत राहिला.

सात वर्षांच्या मुलानें मित्रांच्या देखादेखी आयुष्याची शपथ घेऊं नये, हें आमचें मत तेव्हांही होतें व आजही आहे. परंतु तो हात ह्या मतानें उचलला नव्हता. तीस वर्षें मिल शिकविलेल्या माणसाचा तो हात विचाराच्या आधीं गेला होता. हाच नातू जर आळंदीहून निघालेल्या एखाद्या दिंडींत शिरून मुलांच्या देखादेखी टाळ मागता, बुक्का लावून घेता, तर आम्हीं त्याचें मनगट धरलें असतें काय? धरलें नसतें, आम्हीं कौतुकानें त्याचें छायाचित्र काढलें असतें. म्हणजे आम्ही जपत होतों तें त्याचें स्वातंत्र्य नव्हे. ज्या देवांस आम्हीं पेटींत घालून माळ्यावर टाकलें, त्यांचाच कैवार आमच्या हातानें घेतला, आणि तोही आम्हांस न विचारतां.

दुसऱ्या दिवशीं न्याहारीच्या वेळीं आदल्या रात्रीं किती मुलांनीं निर्णय घेतला त्याचा आंकडा व्यासपीठावरून सांगण्यांत आला व टाळ्या झाल्या. शेजाऱ्यांनीं टाळ्या वाजविल्या नाहींत. ते आपल्या थोरल्या मुलास धिरड्यांवर घालावयाचा पाक वाढीत होते. मग सामान बांधणें, पत्ते देणें-घेणें, फोनच्या पेटीपाशीं गर्दी. उतारावर नातू मागच्या आसनावर झोंपला. साल सोललेली काटकी त्याच्या मुठींत होती. डेन्व्हरचें मैदान दिसूं लागेपर्यंत कन्या कांहीं बोलली नाहीं, मग म्हणाली, "बाबा, त्यानं कां विचारलं होतं. त्याचं उत्तर त्याला तुम्हींच द्यायचं आहे."

पुण्यास परत आल्यावर उत्तर लिहावयास आम्ही दोनदां बसलों. मोठ्या अक्षरांत, सोप्या मराठींत, सात वर्षांच्या मुलास वाचतां येईल असें पत्र. पहिल्या वेळचा कागद वाचून पाहिला तेव्हां 'आम्ही मानीत नाहीं' हे शब्द त्यांत पांच वेळां आलेले दिसले, म्हणून तो फाडला. दुसऱ्या खेपेस एवढें लिहून झालें आहे: "तूं विचारलेंस, तुम्ही कुणाला थँक्यू म्हणतां. माझे वडील रोज संध्याकाळीं देवापुढें दिवा लावून हात जोडीत. मी त्यांच्या मागें उभा राहत असें. मला देव दिसत नसे, पण त्यांची पाठ दिसे, आणि ती मला फार आवडे." ह्यापुढें काय लिहावें हें सुचेपर्यंत पत्र मेजावर आहे. दर रविवारीं नातवाचा फोन येतो. पत्र आलें नाहीं, हें तो न चुकतां सांगतो.